सॉकेटची मुदत

मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवर घरचा कॉम्प्युटर जुळवायला आलेल्या माणसाकडे बहुतेक वेळा यादी तयार असते. पूर्वी ती वहीच्या पानावर असायची, आता मोबाइलमध्ये असते. क्रम मात्र तोच. सगळ्यात वर प्रोसेसर, मग ग्राफिक्स कार्ड, रॅम, एसएसडी, आणि खाली कुठेतरी ‘मदरबोर्ड - चांगला’. चांगला म्हणजे कसा, ते यादीत नसतं. काउंटरवरचा मुलगा बिलबुकातून मान वर न काढता विचारतो, “काका, इंटेल की एएमडी? कितवी जनरेशन? बोर्ड घरी आहे की नवा घ्यायचाय?” एवढ्या तीन प्रश्नांत त्याने सॉकेट विचारून घेतलेलं असतं. काकांना त्याचा पत्ताही लागत नाही.

तो लागावा म्हणून कोणी फार खटपटही केलेली नाही. जाहिरात होते ती प्रोसेसरची: किती कोअर, किती गिगाहर्ट्‌झ, कितवी पिढी. सॉकेट म्हणजे बोर्डावरची ती चौकोनी जागा, प्रोसेसर तिथे बसतो, संपलं. पण प्रोसेसर बसणं आणि प्रोसेसर चालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या दोहोंच्या मधल्या फटीत कंपन्यांचं बरंच राजकारण मावतं. आज घेतलेला प्रोसेसर किती पळतो हे खोक्यावर छापलेलं असतं. चार-पाच वर्षांनी तो काढून दुसरा घालायची वेळ आली तर काय घालता येईल, हे त्या चौकोनावर ठरतं. प्रत्येक सॉकेटला मुदत असते. ती ठरवणारा दुसराच असतो, आणि बिलावर ती कुठेही लिहिलेली नसते.

उदाहरण २०१७ चं घेऊ. त्या वर्षी जानेवारीत इंटेलने सातव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर आणले आणि त्यांच्या जोडीला झेड २७० चिपसेटचे, म्हणजे बोर्डाचा कारभार सांभाळणाऱ्या त्या नावाच्या चिपचे, नवे बोर्ड. मार्चमध्ये एएमडीचा पहिला रायझन आला, एएम ४ सॉकेटवर. पाठोपाठ एप्रिलमध्ये स्वस्तातला रायझन ५. एकाच सोसायटीतल्या दोघांनी त्या उन्हाळ्यात कॉम्प्युटर जुळवले असं समजा. पहिल्याने आय-७ ७७००के आणि झेड २७० घेतला, दुसऱ्याने रायझन ५ १६०० आणि साधासा बी ३५० बोर्ड. गेम खेळायला पहिल्याचं मशीन सरस होतं यात वाद नव्हता, आणि पैसेही त्यानेच जास्त मोजले होते. या दोघांचं पुढे काय झालं ते सांगतोच. त्याआधी ती वस्तू एकदा जवळून बघायला हवी.

इंटेलच्या एलजीए १७०० चा बोर्ड खोक्यातून काढला की सॉकेटवर काळं प्लॅस्टिकचं झाकण दिसतं. बाजूची पोलादी दांडी किंचित दाबून बाहेर सरकवायची आणि वर उचलायची, चौकट उघडते. आत सोनेरी पिना. पिना म्हटलं तरी या उभ्या टाचण्या नव्हेत. प्रत्येक म्हणजे वाकवलेली, दाबली की दबणारी आणि सोडली की वर येणारी बारीकशी पट्टी, तिरकी झुकलेली. नावातला आकडा तोच, १७००. प्रोसेसरच्या पोटाला तेवढेच सपाट सोनेरी ठिपके. प्रोसेसरच्या कडेला खाचा असतात आणि एका कोपऱ्यात सोनेरी त्रिकोण. खाचा आणि त्रिकोण जुळवून प्रोसेसर नुसता ठेवायचा. दाबायचा नाही, सरकवायचा तर मुळीच नाही. चौकट मिटून दांडी खाली घेताना मात्र बऱ्यापैकी जोर लागतो आणि कर्र असा आवाज येतो. पहिल्यांदा करणाऱ्याच्या छातीत धस्स होतं. तो आवाज बरोबर आहे. सॉकेटवर नीट निरखून पाहिलं तर बारीक अक्षरात फॉक्सकॉन किंवा लोटेस असं नाव सापडतं. आखणी इंटेलची, घडवणारे हे.

एवढ्या पिना कशाला, हा प्रश्न रास्त आहे. माहितीची ने-आण करणाऱ्या पिना त्यात आहेतच: रॅमकडे जाणाऱ्या, ग्राफिक्स कार्डाकडे आणि एसएसडीकडे जाणाऱ्या. पण शेकड्यांनी पिना निव्वळ वीज आत आणायला आणि परत न्यायला लागतात. आजचा प्रोसेसर साधारण सव्वा व्होल्टवर चालतो. त्याने १२५ वॅट ओढले तर हिशेब १०० अँपिअरवर जातो. बाथरूममधल्या २ किलोवॉटच्या गीझरला ९ अँपिअर पुरतात. हा १०० अँपिअरचा लोंढा नखाएवढ्या सिलिकॉनमध्ये शिरायचा तर तो शेकडो वाटांत विभागून द्यावा लागतो, नाहीतर पिन जळेल. म्हणून कोअर वाढले, रॅमचा प्रकार बदलला, एसएसडीसाठी जादा वाटा हव्या झाल्या, की पिना वाढतात आणि सॉकेट बदलतं. इथपर्यंत तक्रारीला जागा नाही. डीडीआर ५ रॅम आली तेव्हा एएमडीलाही आपलं लाडकं एएम ४ सोडून १७१८ पिनांच्या एएम ५ वर जावंच लागलं. भांडण आहे ते ‘दर वेळी खरंच गरज होती का’ यावर.

एकेकाळी हे भांडणच नव्हतं, कारण सॉकेट सगळ्यांचं मिळून एक होतं. १९९० च्या दशकात सॉकेट ७ च्या बोर्डात इंटेलचा पेंटियम बसायचा, एएमडीचा के-६ बसायचा, सायरिक्सचाही बसायचा. बोर्ड एक, गिऱ्हाईक आपल्या खिशाप्रमाणे प्रोसेसर निवडणार. १९९७ मध्ये इंटेलने पेंटियम टू काढला तो कार्ट्रिजमध्ये बंद करून, बोर्डावर उभा खोचायचा. त्या जागेचं नाव स्लॉट १, आणि तिचे हक्क इंटेलने स्वतःकडे ठेवले. एएमडीने दोन वर्षांनी स्लॉट ए काढला. गंमत म्हणजे त्याला वापरलेला जोड तोच २४२ संपर्कांचा होता, फक्त उलटा फिरवून बसवलेला, आणि आतली विजेची भाषा पार वेगळी. तेव्हापासून दोन्ही घरं विभक्त झाली ती झालीच. ‘इंटेलचा बोर्ड’, ‘एएमडीचा बोर्ड’ असे दुकानातले दोन वेगळे कप्पे या वाटणीतून आले.

आपल्याकडे घरोघरी कॉम्प्युटर आला तो मुख्यतः एलजीए ७७५ च्या काळात. २००४ साली आलेल्या या सॉकेटने पेंटियम ४ पासून कोअर टू क्वाडपर्यंतचा पल्ला गाठला, आणि जी ३१, जी ४१ ही नावं तेव्हाच्या प्रत्येक असेंबल करणाऱ्या पोराच्या तोंडी होती. पण ७७५ म्हटलं की सगळं सगळ्यात चालायचं, ही आठवण जरा गोड केलेली आहे. २००४ च्या बोर्डात कोअर टू क्वाड छान बसायचा, दांडी व्यवस्थित मिटायची, पंखा गरगर फिरायचा आणि पडदा काळाच राहायचा. चिपसेट जुना, त्याला नवा पाहुणा झेपत नसे. बाजारातलं ‘डिस्प्ले येत नाही’ हे वाक्य यातूनच मोठं झालं. कॉम्प्युटरच्या निम्म्या दुखण्यांचं ते एकच नाव आहे.

त्यानंतर इंटेलने सपाटा लावला. २००९ मध्ये ११५६, २०११ मध्ये ११५५, २०१३ मध्ये ११५०, २०१५ मध्ये ११५१. ११५६ आणि ११५५ यांत पिनेचा फरक एकाचा, पण खाचाही सरकवल्या होत्या, म्हणजे चुकूनही एकाचा प्रोसेसर दुसऱ्यात जाऊ नये. साधारण दोन पिढ्यांमागे एक सॉकेट, असा रिवाजच पडला. प्रोसेसर बदलायचा तर बोर्डही बदला. बोर्डाबरोबर कधी रॅमही. दुकानदारांची याबद्दल काही तक्रार असायचं कारण नव्हतं.

आणि मग २०१७ चा ऑक्टोबर आला. इंटेलने आठवी पिढी आणली: आय-७ मध्ये चारांऐवजी सहा कोअर. सॉकेट? एलजीए ११५१. तेच नाव, पिना तेवढ्याच, खाचाही त्याच जागी. मात्र चालणार फक्त ३०० मालिकेच्या चिपसेटवर. आपल्या सोसायटीतल्या पहिल्या गृहस्थाचा झेड २७० बोर्ड तेव्हा जेमतेम सहा महिन्यांचा होता.

इंटेलचं म्हणणं असं की सहा कोअरना वीज जास्त लागते, म्हणून काही राखीव पिना आता वीजपुरवठ्याच्या कामाला लावल्या आहेत आणि जुन्या बोर्डांवर ती सोय नाही. पिनांचा नकाशा बदलला होता हे खरं. पण त्याच पिढीत आय-३ ८१०० नावाचा चार कोअरचा, ६५ वॅटचा प्रोसेसरही होता. सातव्या पिढीच्या साध्या आय-५ लाही कोअर चारच आणि वॅट ६५ च होते, आणि ते या जुन्या बोर्डांवर मजेत चालत होते. मग ८१०० ला मज्जाव का? हौशी लोकांनी बायोसमध्ये खाडाखोड करून, लागेल तिथे एखाद्या ठिपक्यावर चिकटपट्टी लावून, आठव्या आणि पुढे नवव्या पिढीचे प्रोसेसर त्याच जुन्या बोर्डांवर चालवून दाखवले. घरच्या कामाच्या मशीनवर हा उद्योग करा असं मी कोणाला सांगणार नाही. पण ‘शक्यच नव्हतं’ या दाव्यातली हवा त्यांनी काढली. माझ्या मते विजेचं कारण अर्धं होतं. उरलेलं अर्धं नवे बोर्ड खपवण्याचं.

एएमडीकडे परंपरा वेगळी होती, आणि ती काही केवळ दानतीतून आलेली नव्हती. मागे पडलेल्या कंपनीला गिऱ्हाइकाचा जुना बोर्ड उपयोगी पडतो; त्याच्या खर्चाचा निम्मा भाग आधीच झालेला असतो. २००९ मधले एएम ३ चे प्रोसेसर मुद्दाम असे घडवले होते की त्यांच्यात डीडीआर २ आणि डीडीआर ३ अशा दोन्ही रॅमची जाण होती. त्यांना पिना ९३८, म्हणून ते ९४० छिद्रांच्या जुन्या एएम २+ बोर्डातही बसायचे. जुना प्रोसेसर नव्या बोर्डात मात्र बसत नसे, कारण त्याला डीडीआर ३ कळतच नव्हती. दार एकाच बाजूने उघडणारं. इतक्या बारकाईने केलेली आखणी या धंद्यात फार वेळा दिसत नाही.

एएम ४ आणताना एएमडीने सांगून टाकलं की २०२० पर्यंत हेच सॉकेट ठेवू. आकडा जाहीर केला की तो लोक लक्षात ठेवतात. १३३१ पिनांचं हे सॉकेट, आणि इथे पिना प्रोसेसरच्या पोटाला, छिद्रं बोर्डात. पहिला रायझन आला, दुसरी पिढी आली, तिसरी आली. सॉकेट तेच. अडचण निघाली भलतीकडेच. बोर्डावर एका इवल्या चिपमध्ये बायोस असतो आणि प्रोसेसर ओळखण्याचं काम त्याचं. पुष्कळशा बोर्डांवर ही चिप १६ एमबीची होती. प्रत्येक नव्या पिढीसाठीचा मजकूर त्यात कोंबता कोंबता जागा संपली. काही कंपन्यांनी बायोसचा रंगीत देखावा काढून टाकून साध्या अक्षरांवर भागवलं, काहींनी सगळ्यात जुन्या प्रोसेसरांची ओळखच पुसली. म्हणजे नवा बायोस टाकला की नवा प्रोसेसर चालणार, पण जुना परत लावला तर डिस्प्ले येणार नाही.

याहून जास्त लोक अडकले ते दुसऱ्या पेचात. बोर्ड दुकानात सहा महिने पडून होता, त्याचा बायोस जुना, प्रोसेसर नवा. बायोस बदलायचा तर मशीन सुरू व्हायला हवं, आणि मशीन सुरू करायला बोर्ड ओळखेल असा जुना प्रोसेसर हवा. २०१८ मध्ये हा घोळ इतका झाला की एएमडीने अडलेल्या गिऱ्हाइकाला तेवढ्यापुरता एक साधा प्रोसेसर उसना पाठवायची सोय केली. आपल्याकडे हे काम दुकानातच होतं. ड्रॉवरमध्ये अशा कामासाठी एक जुना प्रोसेसर ठेवलेलाच असतो. आता बऱ्याच बोर्डांवर मागच्या बाजूला एक बटण असतं. पेन ड्राइव्हमध्ये योग्य नावाने फाइल टाकायची, बोर्डाला फक्त वीज द्यायची, बटण दाबायचं; प्रोसेसर नसला तरी बायोस बदलतो. नवा बोर्ड घेताना रंगीत दिव्यांपेक्षा हे बटण आहे का ते बघा. दिवे महिनाभरात डोळ्यांत खुपायला लागतात.

२०२० च्या मे महिन्यात एएमडीनेही इंटेलची वाट धरायचा विचार केला. रायझनची पुढची पिढी फक्त ५०० मालिकेच्या चिपसेटवर चालेल, असं जाहीर झालं. बी ४५० चे बोर्ड त्या घोषणेआधी अगदी काल-परवापर्यंत ‘पुढे चालेल’ या भरवशावर विकले गेले होते. लोक असे भडकले की पंधरवडा उलटायच्या आत कंपनीने माघार घेतली आणि ४०० मालिकेला दार उघडलं. २०२२ मध्ये तर २०१७ च्या ३०० मालिकेलाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये रायझन ७ ५८००एक्स३डी आला, ९६ एमबी एल-३ कॅशचा, गेमिंगमध्ये तेव्हाच्या सगळ्यात महागड्या प्रोसेसरांच्या पंगतीला बसणारा, आणि तो पाच वर्षांपूर्वीच्या बी ३५० बोर्डावर चालू शकत होता. बोर्डाच्या कंपनीने बायोस दिला असेल तर, ही अट धरून. २०२४ मध्येही एएम ४ साठी नवे प्रोसेसर येत होते. जाहीर केलेली मुदत चार वर्षं उलटून गेल्यावर.

आता सोसायटीतले ते दोघे. विंडोज ११ आली तेव्हा मायक्रोसॉफ्टने प्रोसेसरांची यादी लावली. इंटेलची आठवी पिढी यादीत, सातवी जवळपास सगळी बाहेर. रायझनची दुसरी पिढी आत, पहिली बाहेर. म्हणजे आपले दोघेही बाहेर. आणि २०२५ च्या १४ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीच्या तोंडावर, विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपला. वर्षभराची वाढीव सोय मिळते, ती तेवढीच. दुसऱ्याने बोर्ड-कंपनीच्या साइटवरून बायोस उतरवला, जुना रायझन काढला, ५६०० बसवला, बायोसमध्ये विंडोज ११ ला लागणारी टीपीएम ही सुरक्षेची सोय सुरू केली आणि तेच कॅबिनेट, तीच रॅम, तोच बोर्ड घेऊन यादीत शिरला. पहिल्याच्या बोर्डात जाऊ शकणारा सर्वांत नवा प्रोसेसर आधीच त्याच्या बोर्डात बसलेला आहे. त्याला आठवी पिढी हवी, आणि तिच्याबद्दल निकाल २०१७ मध्येच लागून गेला होता. आता त्याला बोर्ड, प्रोसेसर, आणि आजचं काही घ्यायचं तर बहुधा रॅमही नवी. जास्त पैसे मोजणाऱ्याचं मशीन आधी म्हातारं झालं, आणि त्यात त्याच्या प्रोसेसरचा दोष काहीच नव्हता.

मग आज घ्यायचं तर काय? दुकानातल्या फळीवर सध्या मुख्यतः चार सॉकेटं भेटतात. एलजीए १७०० वर इंटेलची बारावी, तेरावी आणि चौदावी पिढी. एलजीए १८५१ हे २०२४ च्या ऑक्टोबरात आलेलं, कोअर अल्ट्रावाल्यांचं. एएमडीचं एएम ५. आणि अजून न विझलेलं एएम ४. लांबचा विचार करून, एकदा बोर्ड घेऊन मधे कधीतरी प्रोसेसर बदलायचा असा बेत असेल तर मी एएम ५ घेईन. एएमडीने ते २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही ठेवण्याचं सांगितलं आहे, आणि मागचा अनुभव बघता, लोकांच्या रेट्याने का होईना, शब्द पाळला गेला आहे. पैसे कमी असतील आणि कामं म्हणजे बँक, मुलांचा अभ्यास, थोडं फोटो-एडिटिंग, तर एएम ४ वर आजही काही बिघडत नाही. फक्त रस्ता इथे संपतो हे माहीत असावं. १७०० चंही तेच. पण घरी डीडीआर ४ रॅम पडून असेल तर तिला सामावून घेणारे १७०० चे बोर्ड मिळतात, एएम ५ वर ती सोय नाही. डीडीआर ४ आणि डीडीआर ५ दोन्ही २८८ संपर्कांच्या, पण मधली खाच वेगवेगळ्या जागी. जबरदस्तीने बसवायला गेलात तर स्लॉटच तुटेल.

सॉकेट जुळलं म्हणून सगळं जुळलं असं होत नाही, हे पुन्हा सांगायला हवं, कारण स्वस्त बोर्ड घेताना नेमका तिथेच घात होतो. एच ६१० चा सगळ्यात स्वस्त बोर्ड आणि आय-९, दोघांचं सॉकेट १७००. चालेल? चालेल. पण त्या बोर्डाची वीज पुरवणारी मंडळी, म्हणजे सॉकेटच्या कडेला असलेले व्हीआरएमचे भाग, इतका भार पेलायला केलेलेच नसतात. ते तापतात आणि प्रोसेसर आपला वेग खाली आणतो. आय-९ चे पैसे मोजून आय-५ चं काम. उलट आय-३ साठी झेड ७९० घेणं हेही पैशाचं पाणीच. तिसरी गल्लत नावाच्या शेवटच्या अक्षराची. इंटेलच्या नावापुढे ‘एफ’ असेल तर त्यात ग्राफिक्स नाही. रायझन ५ ५६०० मध्येही नाही, ५६००जी मध्ये आहे. वेगळं ग्राफिक्स कार्ड न घेता हे लावलं की पुन्हा तेच: पंखा फिरतोय, डिस्प्ले येत नाही. मशीनमध्ये खोट काहीच नसते.

कूलरचं गणितही सॉकेटशी बांधलेलं. ११५१ च्या बोर्डावर कूलरच्या भोकांत ७५ मिलिमीटर अंतर होतं, १७०० वर ते ७८ झालं. तीन मिलिमीटरसाठी वेगळी पट्टी मागवावी लागते, नाहीतर कूलर टेकतो पण दाबत नाही. एएम ४ चे बरेच कूलर मात्र एएम ५ वर तसेच बसतात. या सगळ्याचा खात्रीचा ठावठिकाणा एकच: बोर्ड-कंपनीच्या साइटवर त्या विशिष्ट बोर्डाची, त्याच्या आवृत्तीच्या आकड्यासकट, प्रोसेसरची यादी असते आणि प्रत्येक नावासमोर कुठल्या बायोसपासून तो चालतो ते दिलेलं असतं. आवृत्तीचा आकडा बोर्डाच्या कोपऱ्यात छापलेला असतो. दुकानात उभं राहून मोबाइलवर ही यादी काढली तर कोणी हसत नाही. उलट काउंटरवरचा मुलगा जरा सरळ उभा राहून बोलायला लागतो.

जोडणीतले अपघात दोन, आणि दोन्ही सॉकेटचे. इंटेलच्या आणि एएम ५ च्या बोर्डात पिना सॉकेटमध्ये असल्यामुळे प्रोसेसर बोटातून निसटून कोपऱ्यावर पडला तरी पुरे. टॉर्च तिरका धरून बघितलं तर सगळ्या पिना एकसारख्या चमकतात आणि वाकलेल्या ठिकाणी ती चमक तुटते. वाकलेली पिन वीजपुरवठ्यातली असेल तर कदाचित काहीच जाणवणार नाही. रॅमकडे जाणारी असेल तर एका बाजूचे स्लॉट मेल्यासारखे होतात आणि माणूस बिचारा रॅम बदलत बसतो. दुरुस्ती करणारे लोक भिंगाखाली बारीक सुईने ती हळूहळू जागेवर आणतात. एकदा जमतं, दुसऱ्यांदा तीच पिन सरळ करायला गेलं की तुटते. वॉरंटीत वाकलेल्या पिना बसत नाहीत, आणि बोर्ड वॉरंटीला पाठवताना ते काळं प्लॅस्टिकचं झाकण लावलेलं नसेल तर माल परत येऊ शकतो. ते झाकण लोक पहिल्याच दिवशी थर्मोकोलबरोबर कचऱ्यात टाकतात. खोक्यात जपून ठेवा. बोर्ड ओपन-बॉक्स घेत असाल तर पैसे देण्याआधी सॉकेट उघडायला लावून फोटो काढा.

एएम ४ चा ताप वेगळा. तिथे प्रोसेसर सॉकेटमध्ये धरून ठेवणारी चौकटच नाही, फक्त पिना चिमटीत पकडल्या जातात. दोन-तीन वर्षांनी कूलरखालची पेस्ट सुकून घट्ट होते, आणि कूलर सरळ वर ओढला की दांडी बंद असतानाही प्रोसेसर मुळासकट उपटून त्याला चिकटून बाहेर येतो, पाच-पन्नास पिना वाकवून. इलाज सोपा आहे: मशीन दहा-पंधरा मिनिटं चालवून गरम करायचं, बंद करून प्लग काढायचा, कूलर डावी-उजवीकडे हलकेच फिरवत सैल करायचा आणि मगच उचलायचा.

राहिला जुन्या मालाचा बाजार. मोठ्या ऑफिसांमधून तीन-पाच वर्षांनी एकगठ्ठा कॉम्प्युटर बाहेर पडतात, त्यातले प्रोसेसर सुटे होऊन विकले जातात. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचे आय-५ त्यातलेच, एलजीए ११५५ चे. त्यांच्यासाठी एच ६१ चिपसेटचे बोर्ड, हा चिपसेट २०११ चा, आपल्याकडे पुढे कितीतरी वर्षं नव्या खोक्यात, नव्या वॉरंटीसह मिळत राहिले. डीडीआर ३ रॅमचे दोन स्लॉट, फार तर १६ जीबी. विंडोज ११ च्या यादीत नाव नाही. लिनक्स टाकून दुकानाचं बिलिंग किंवा मुलाचं टायपिंग करायला ते मजबूत आहेत, त्याहून जास्त अपेक्षा धरू नये. चिनी कंपन्यांचे एक्स ७९ आणि एक्स ९९ नावाचे बोर्ड आणि सर्व्हरमधून निघालेले झिऑन ही याच बाजाराची दुसरी शाखा: कोअर भरपूर, विजेचं बिलही भरपूर, आणि बायोससाठी कोणाकडे जायचं हा प्रश्न अनुत्तरित. जुना रायझन प्रो घेताना आणखी एक फसगत संभवते. लिनोव्होच्या काही ऑफिस मशीनमध्ये प्रोसेसर सुरक्षेच्या नावाखाली त्याच कंपनीच्या बोर्डाशी कायमचा बांधलेला असतो. दुसऱ्या बोर्डात तो बसतो, पिना सगळ्या शाबूत असतात, पण चालत नाही, आणि ही गाठ सोडवता येत नाही. अशा मालाला लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

या बाजारात भावांचा हिशेब उलटा चालतो. प्रोसेसर सहसा मरत नाही. मरतो तो बोर्ड: कपॅसिटर फुगतात, व्हीआरएम जळतं, चार पावसाळ्यांच्या दमट हवेने पोर्ट गंजतात. सॉकेटची मुदत संपून आणखी काही वर्षं गेली की चालू प्रोसेसर ढिगाने उरतात आणि त्यांना घेणारे चालू बोर्ड कमी पडायला लागतात. लॅमिंग्टन रोडवर चौथ्या पिढीचा आय-७ खिशात घेऊन ११५० चा बोर्ड आहे का विचारत दुकानामागून दुकान फिरणारी माणसं दिसतात. बोर्ड हातात घेऊन प्रोसेसर शोधणारा क्वचितच, आणि त्याचं काम पहिल्याच दुकानात होतं.